साखर, मीठ आणि जामखेड

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. जुलाब लागलेल्या लेकराला हे घोटघोट पाजत राहिलं तर बहुतेक वेळा ते वाचतं. जुलाब लागले की आतड्यातून पाणी झरझर निघून जातं, पण आत येण्याची एक वाट तेव्हाही शाबूत असते. साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम त्या वाटेनं जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी येतं. हे उलगडायला मोठमोठ्या प्रयोगशाळा लागल्या. वापरायला चुलीपाशी बसलेली, अक्षरओळख नसलेली आईही पुरते!

हे नुसतं तोंडानं न म्हणता त्यावर सगळं आयुष्य उभं करणारं एक डॉक्टर जोडपं 1970 साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघंही ख्रिस्ती घरातले, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. 1960 मध्ये लग्न झालं तेव्हाच खेड्यातल्या गोरगरिबांसाठी आयुष्य वेचायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते या दुष्काळी मुलखात आले. तेव्हा इथं जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 176 बाळं वर्षाच्या आतच जात.

शिकलेल्या नर्सेस गावोगाव ठेवाव्यात, अशी पहिली कल्पना होती. ती चालली नाही. बाहेरून आलेली एकटी मुलगी खेड्यात रुजेना आणि गावाचाही तिच्यावर विश्वास बसेना. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी असं ठरलं. निवडल्या गेल्या त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या हातात आता गावाची बाळंतपणं येणार होती.

या बाया ठरावीक दिवशी जामखेडला येत, मुक्काम करत आणि ऐकून, बघून, एकमेकींना सांगून शिकत. निरनिराळ्या जातींच्या बाया रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. त्या काळी हा धडा औषधांच्या धड्याहून कठीण होता. बाळंतपणाआधी हात साबणानं धुवायचे, नाळ कापायला निर्जंतुक पातं घ्यायचं. गरोदर बाईनं पोटभर खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडेल ही समजूत घालवायची. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकायचा नाही, तो बाळाला पाजायचा. अंगावर फिकट चट्टा दिसला तर तिथं स्पर्श कळतो का ते तपासायचं, कारण कुष्ठरोगाची खूण तिथंच सापडते. यातलं एकही काम अवघड नाही, आणि यातल्या प्रत्येकानं कुणाचा तरी जीव किंवा संसार वाचतो. काही दशकांत तिथला बालमृत्यूचा आकडा पंचविसाच्या आसपास आला. मी हा आकडा कितीही वेळा वाचला तरी थक्क होतो.

हे काम पगाराची नोकरी म्हणून उभं केलेलं नव्हतं. पोटापाण्यासाठी बायांना छोट्या धंद्यांचं शिक्षण आणि कर्ज मिळे, आरोग्याचं काम त्या गावासाठी करत. तरुण शेतकरी जमावेत म्हणून व्हॉलीबॉलचे डाव मांडले गेले. एका जाळ्याच्या दोन बाजूंना सगळ्या जातींची पोरं खेळली आणि खेळून झाल्यावर पाण्याविषयी, झाडांविषयी बोलू लागली. दुष्काळात हातपंप बसवताना ते दलित वस्तीत यावेत असा प्रयत्न झाला. तहान लागली की वरच्या आळीला तिकडे जावंच लागे.

यात ख्रिस्ती श्रद्धा कुठं आहे, असं कुणी विचारेल. मला ती जागोजागी दिसते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. गुरूनं आपली जागा सोडून खाली बसायचं असतं, हे त्यात आहे. जामखेडच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. डॉक्टरकीचा मान ज्या ज्ञानामुळे मिळतो, ते ज्ञानच त्यांनी वाटून टाकलं. आजारी माणसाला औषध देणारे दयाळू लोक पुष्कळ असतात, आणि त्यांचे उपकारही मोठे. पण ज्याला मदत करायची त्यालाच मदत करणारा बनवणं फार थोड्यांना सुचतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या न्यायाच्या प्रसंगात भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना, आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्यांना आपण प्रभूचीच सेवा केली हे ठाऊकच नसतं. ते आश्चर्यानं विचारतात, आम्ही कधी केली? मध्यरात्री कंदील घेऊन बाळंतपणाला निघालेल्या त्या बायांपैकी कितीतरी ख्रिस्ती नव्हत्या, आणि तशी अटही नव्हती. श्रद्धा एवढी मोकळी असू शकते, याचं मला सर्वांत जास्त अप्रूप वाटतं.

1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, तेव्हा ज्या मोजक्या प्रयोगांचा अनुभव गाठीशी होता त्यांत जामखेड होतं. परदेशांतून डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येत राहिले. त्यांच्यासमोर शिकवायला उभ्या राहिल्या त्या याच बाया, आणि त्या शिकवत मराठीत.