अवटु-न्यूनता, वजन आणि आहारपूरकांची पिशवी

“डॉक्टर, मला थायरॉईड आहे, त्यामुळे वजन उतरतच नाही,” हे वाक्य ज्याच्या कानी आठवड्यातून चार वेळा पडत नाही, असा वैद्य आज छत्रपती संभाजीनगरात शोधूनही सापडणार नाही. सिडको-हडकोतील गृहिणी असो, वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करणारी तरुणी असो, वा गुलमंडीवर दिवसभर गल्ल्यावर बसणारे गृहस्थ असोत, तक्रार एकच. अलीकडे या तक्रारीसोबत एक पिशवीही येते. तिच्यात थायरॉक्सिनच्या गोळ्या असतातच. शिवाय प्रथिनांच्या भुकटीचा डबा, ‘फॅट बर्नर’ कॅप्सूल, केसांसाठी बायोटिन, समुद्रशेवाळाच्या गोळ्या, कोणा नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेली ‘थायरॉईड सपोर्ट’ची बाटली आणि बहुधा आपल्याच एखाद्या फार्मसीचा मेदोहर गुग्गुळ. प्रस्तुत लेख या पिशवीविषयी आहे.

प्रथम वजनाचा हिशेब पाहणे अगत्याचे आहे. अवटु ग्रंथीच्या न्यूनतेमुळे वाढणारे वजन साधारणपणे २ ते ५ किलोच्या आसपास असते आणि त्यातील बराच भाग मेदाचा नसून क्षार व पाण्याचा असतो. त्वचेखाली साठणाऱ्या विशिष्ट द्रव्यांमुळे पाणी धरून ठेवले जाते. म्हणूनच सकाळी पापण्या जड, चेहरा फुगीर आणि बोटाने दाबले तरी खळगा न पडणारा शोथ असे चित्र दिसते. थायरॉक्सिनची मात्रा योग्य झाली की हे पाणी उतरते व वजन थोडे कमी होते. रुग्णेचे वजन २० किलोने अधिक असेल तर त्यातील १५ किलोंचा जाब अवटु ग्रंथीला विचारण्यात अर्थ नाही. हे सांगितल्यावर रुग्णा किंचित नाराज होते, कारण तिच्या हातातील एक सोयीचे कारण आपण काढून घेतलेले असते. तरीही पहिल्याच भेटीत ते सांगावे.

स्थौल्य आणि अवटु-न्यूनता : अग्नीचा भेद

आता आपल्या शास्त्राच्या दृष्टीने या विषयाचा जो गाभा आहे त्याकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या, अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाची जी संप्राप्ती सांगितली आहे तिच्यात अग्नी मंद नाही. मेदाने स्रोतसे रुद्ध झाल्याने वायू कोष्ठातच संचार करतो, जाठराग्नीस प्रज्वलित करतो, खाल्लेले लवकर पचते आणि पुन्हा खाण्याची इच्छा होते. म्हणूनच तेथे गुरु परंतु अपतर्पण करणारी द्रव्ये सांगितली आहेत. द्रव्य गुरु असल्याने तो प्रखर अग्नी तृप्त व्हावा आणि अपतर्पण असल्याने मेद मात्र वाढू नये, अशी ही अत्यंत मार्मिक योजना आहे. यव आणि मध यांचे तेथील स्थान याच तर्कावर उभे आहे.

अवटु-न्यूनतेची रुग्णा याच्या नेमकी उलट असते. तिला भूक फारशी नाही, मलावष्टंभ आहे, फेब्रुवारीतही अंगावर शाल आहे, त्वचा कोरडी, आवाज घोगरा, दुपारी डोळे मिटतात, मासिक स्राव अधिक. “मी काहीच खात नाही हो,” असे ती म्हणते तेव्हा ती पुष्कळदा खरे सांगत असते. येथे जाठराग्नी व धात्वग्नी दोन्ही मंद आहेत, कफ आणि आम यांचा शोथ आहे, आणि मेदोवृद्धी असलीच तर ती दुय्यम आहे. अर्थात एकाच रुग्णेत जुने स्थौल्य आणि नवी अवटु-न्यूनता एकत्र असू शकतात. किंबहुना तसेच अधिक आढळते. परंतु कोणती लक्षणे कशाची, हे वेगळे काढल्याखेरीज चिकित्सेची दिशा ठरत नाही. ‘थायरॉईड म्हणजे गलगंड’ हे आपल्यातील काहींचे सोपे समीकरणही येथे उपयोगी पडत नाही. सुश्रुतांनी निदानस्थानात वर्णिलेला गलगंड हा गळ्याशी दिसणारा शोथ आहे. आपल्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांच्या गळ्यावर काहीही दिसत नाही.

हा अग्निभेद ध्यानी घेतला की बाजारातील बहुतेक आहारपूरकांची निरर्थकता आपोआप उलगडते. जी भूक रुग्णेला नाहीच, ती मारण्यासाठी ती पैसे मोजत असते. जेवणाऐवजी घ्यावयाचा घट्ट प्रथिनयुक्त पेय-पदार्थ हा गुरु आहे. प्रखर अग्नीला तो कदाचित मानवेल, पण मंद अग्नीला त्याचा भारच होतो. पोट फुगले, करपट ढेकर आले, मल अधिक बांधला गेला, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांना आधी डब्याविषयी विचारावे.

पिशवीतील वस्तू

भूक मारणाऱ्या कॅप्सूलमध्ये ‘गार्सिनिया’ हे नाव वारंवार आढळते. ही मलबारी चिंच, म्हणजे आपल्या कोकमाची सख्खी बहीण. तिच्यातील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लावर १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींमध्ये १२ आठवडे चाचणी झाली. ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार हे द्रव्य घेणारे आणि निष्क्रिय गोळी घेणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या कोकम खाल्ले जाते. तेथे कोणी स्थूल नाही असे कोकणी माणूसही म्हणणार नाही.

समुद्रशेवाळाच्या गोळ्यांमध्ये आयोडीन असते, आणि ‘आयोडीन म्हणजे थायरॉईडचे अन्न’ एवढे अर्धसत्य रुग्णांना ठाऊक असते. प्रौढाची दैनंदिन गरज १५० मायक्रोग्रॅम. घराघरांत पोहोचणाऱ्या मिठात प्रतिग्रॅम किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा आपल्याकडे दंडक आहे. म्हणजे गरजेपुरते आयोडीन स्वयंपाकातूनच मिळते. शेवाळाच्या गोळीत ते किती असेल याचा भरवसा नसतो आणि अनेकदा ते गरजेच्या कित्येक पट असते. अतिरिक्त आयोडीनने ग्रंथीचे कार्य थबकते, हे वुल्फ व चायकॉफ यांनी १९४८ मध्येच दाखविले होते. निरोगी ग्रंथी त्यातून काही दिवसांत सावरते. स्वप्रतिकारशक्तीने पोखरलेली ग्रंथी सावरेलच असे नाही. आयोडीनयुक्त मीठ पुरेसे मिळणाऱ्या समाजात अवटु-न्यूनतेचे प्रमुख कारण हेच पोखरणे असते.

परदेशातून येणाऱ्या ‘थायरॉईड सपोर्ट’च्या बाटल्या अधिक गंभीर होत. २०१३ मध्ये ‘थायरॉईड’ या संशोधन-पत्रिकेत अमेरिकेतील अशा १० उत्पादनांचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९ मध्ये टी-३ आणि ५ मध्ये टी-४ हे प्रत्यक्ष संप्रेरक आढळले. थायरॉक्सिनच्या गोळीवर ही बाटली चालू असेल तर धडधड, निद्रानाश, हातांना कंप आणि उतारवयात हृदयाच्या तालात बिघाड संभवतो. वजन थोडे उतरते, पण त्याबरोबर मांस आणि अस्थीही झिजतात. झटपट वजन उतरविणाऱ्या अनामिक कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन मिसळल्याची प्रकरणेही जगभर उघडकीस आली आहेत. हृदयविकाराच्या धोक्यामुळे भारताने २०११ मध्ये या औषधावर बंदी घातली.

बायोटिनची गोष्ट वेगळी. ते अपायकारक नाही, परंतु ते प्रयोगशाळेला फसविते. त्याची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असताना केसांच्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असते. काही तपासणी-पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे अधिक दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला. मध्यंतरी एक रुग्णा वजन वाढल्याची तक्रार घेऊन आली. अहवालात टीएसएच अत्यल्प, म्हणून तिची थायरॉक्सिनची मात्रा अन्यत्र निम्मी करण्यात आली होती. समोर मात्र नाडी मंद, त्वचा खरखरीत, मलावष्टंभ, शैत्य असे सर्व चित्र न्यूनतेचे. पिशवीत केसांच्या गोळ्या निघाल्या. त्या आठवडाभर थांबवून पुन्हा तपासणी केली, तेव्हा टीएसएच पुष्कळ वाढलेले आले. तिच्या मूळ चिकित्सकांकडे दोन्ही अहवाल पत्रासह पाठविले आणि मात्रा पूर्ववत झाली. लक्षण व अहवाल यांत विरोध दिसला तर आधी पिशवी पाहावी.

आपली स्वतःची कपाटे

येथवर वाचून कोणास समाधान वाटले असेल तर पुढचा भागही वाचावा. जो निकष डब्यांना, तोच आपल्या कल्पांना.

डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातील आपल्या प्रबंधात सुश्रुतांच्या मेदोरोगवर्णनाचा धागा धरून गुग्गुळाचा सशांवर अभ्यास केला, हे आपणा सर्वांस भूषणावह आहे. परंतु २००३ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल कमी न होता किंचित वाढले आणि काहींच्या त्वचेवर पुरळ उठले, हेही तितकेच खरे. अवटु ग्रंथीवरील गुग्गुळाच्या उत्तेजक परिणामाचा आधार प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. तेवढ्या बळावर ‘थायरॉईडची गोळी सुटेल’ असे आश्वासन देणे योग्य नव्हे.

अश्वगंधेची स्थिती काहीशी उलट आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत सौम्य न्यूनतेच्या ५० रुग्णांपैकी मुळाचा अर्क दररोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे टीएसएच ८ आठवड्यांत घटले. चाचणी लहान आहे, पण दुर्लक्षणीय नाही. मात्र अश्वगंधा घेतल्यावर अवटु-अतिक्रिया झाल्याच्या आणि यकृताला इजा पोहोचल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. शिवाय हे द्रव्य बृंहण. ते ‘वजन घटविण्याच्या’ कॅप्सूलमध्ये काय करते, हा प्रश्न निर्मात्यांना विचारावयास हवा.

सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती भस्मांची बाब. कॅल्शियम कार्बोनेट आणि लोहक्षार आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात, म्हणून त्यांत ४ तासांचे अंतर ठेवावे, हे आधुनिक वैद्यकात सर्वमान्य आहे. आता आपले कपाट उघडून पाहावे. शंख, प्रवाळ, मौक्तिक, कपर्दिक ही कॅल्शियमची भस्मे, कामदुधेत तीच, मंडूर, नवायस आणि लोहभस्म हे लोह. अम्लपित्तासाठी सकाळी उपाशीपोटी कामदुधा देणारा वैद्य त्याच वेळेची थायरॉक्सिनची गोळी वाया घालवीत असण्याची शक्यता आहे. इसबगोल आणि सोयाबीनचे पीठ यांनाही हाच नियम. मराठवाड्यात सोयाबीन अमाप पिकते आणि ते ‘पौष्टिक’ म्हणून हल्ली कणकेतही मिसळले जाते, तेव्हा सकाळच्या पहिल्या खाण्याची चौकशी करावी.

सैंधवाविषयीही दोन शब्द. सैंधव लवणांत श्रेष्ठ खरे. पण साध्या सैंधवात पुरेसे आयोडीन नसते. आपल्या सांगण्यावरून कित्येक घरांतून आयोडीनयुक्त मीठ पूर्णतः हद्दपार झाले आहे. औषधासाठी सैंधव आणि स्वयंपाकासाठी आयोडीनयुक्त मीठ, असा विवेक ठेवावा. विशेषतः घरात गर्भिणी असेल तर. गर्भाची स्वतःची ग्रंथी कार्यक्षम होईपर्यंत तो मातेच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. अशा काळात, किंवा शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेली असताना, कोणी ‘गोळी सोडा, काढा घ्या’ असे सांगत असेल तर ती चिकित्सा नव्हे.

१९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत गलगंड आणि स्थौल्य हे दोन्ही विकार नावानिशी आहेत. तेव्हा ‘थायरॉईड व लठ्ठपणा महिन्यात बरा’ असा फलक लावण्यापूर्वी आपल्या बांधवांनी ती अनुसूची एकदा वाचावी. आहारपूरकांच्या वेष्टनावर तर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. रुग्णांना ती बारीक ओळ बोटाने दाखवावी.

व्यवहारात

आमच्याकडे औषधापूर्वी एक वेळापत्रक लिहून दिले जाते. पहाटे उठल्यावर थायरॉक्सिन फक्त पाण्याबरोबर. चहा त्यानंतर तासाभराने. आपल्याकडे डोळे उघडताच चहा लागतो, त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ येथेच असतो, आणि एवढा बदल करूनच काहींचे टीएसएच खाली आलेले पाहिले आहे. भस्मे, लोह, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. दीपन-पाचनासाठी त्रिकटु किंवा पंचकोल अल्प मात्रेत. त्यानंतर प्रकृती व वय पाहून उद्वर्तन. आहार लघु व उष्ण : ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, ताजे ताक, दोडका, पडवळ. थंडीतील बाजरी बंद करण्याचे कारण नाही. सुदानच्या दारफुर भागात बाजरीचा गलगंडाशी संबंध जोडला गेला तो बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांत, आणि आपल्या ताटात बाजरीबरोबर आयोडीनयुक्त मीठ असते. दिवास्वाप टाळावा. चालणे रोजचे, गोगाबाबा टेकडी ज्यांना झेपत नाही त्यांनी विद्यापीठाच्या सपाट रस्त्यापासून आरंभ करावा, कारण मात्रा स्थिर होईपर्यंत स्नायू लवकर थकतात आणि पहिल्याच आठवड्यात टेकडी चढलेली रुग्णा दुसऱ्या आठवड्यात घरी बसते.

मात्रेत बदल झाल्यास टीएसएचची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी, एकाच प्रयोगशाळेत, आणि त्याआधी किमान २ दिवस बायोटिन बंद. वजन महिन्यातून एकदाच, त्याच काट्यावर. कंबरेचा घेर त्याच दिवशी. पिशवी मात्र प्रत्येक भेटीस बरोबर आणावयास सांगावे, आणि त्यात मागील खेपेस नसलेली वस्तू दिसली तर ती कोणी दिली हे न रागावता विचारावे. रागावले तर पुढच्या वेळी पिशवी घरी राहते.