पोहण्यात नुसती उंची नाही, वाव पण बघा

पनवेल : पोरगं बुटकं आहे, स्पर्धेत काय पोहणार, असं पालक सहज बोलून जातात. पण पाण्यात वावही कामाची. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून आपण विहिरीचा दोर मोजतो ती. बहुतेकांची ती उंचीएवढीच भरते. अमेरिकेच्या मायकल फेल्प्सची उंची १९३ सेंटिमीटर, वाव मात्र २०१. लांब हात एका फटक्यात जास्त पाणी मागे ढकलतो. त्याचं धड लांब, पाय त्यामानाने आखूड. छातीत हवा असते म्हणून धड तरंगतं, पाय खाली जाऊन वेग अडवतात.

वाढत्या वयात हातपाय मागेपुढे वाढतात, तेव्हा दहाव्या वर्षीच टेप लावून पोराला घरी बसवू नका. सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांच्या पायातली ताकद १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून गेली. १९७२ ला जर्मनीतल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी हातांच्या जोरावर आणलं.