निपाह: सिलिगुडी ते कोझिकोड

२००१ च्या जानेवारीत सिलिगुडीत एक ताप पसरला. आधी ताप, मग असंबद्ध बडबड, मग शुद्ध हरपायची. दोन महिन्यांत ६६ जण आजारी पडले, ४५ गेले. त्यांत रुग्णांची शुश्रूषा करणारे आणि त्यांना भेटायला आलेले बरेच होते. तपासण्यांत काहीच सापडलं नाही. पुढे जपून ठेवलेले नमुने पुन्हा बाहेर काढले, तेव्हा १८ पैकी ९ रुग्णांच्या रक्तात निपाहविरोधी प्रतिपिंडं मिळाली. शोधनिबंध छापून आला २००६ मध्ये. माणसं कशानं गेली, हे सांगायला पाच वर्षं लागली!

खरं तर १९९८-९९ मध्ये मलेशियात या विषाणूनं शंभरावर बळी घेतले होते. तिथंही आधी जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारणी झाली. रोग येत होता डुकरांकडून. ती ठेच सिलिगुडीच्या वॉर्डाला शहाणं करू शकली नाही.

नंतर यंत्रणा उभी राहिली. २००४ मध्ये रोगसर्वेक्षणाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, पुण्यात पाषाणला अतिधोकादायक विषाणूंसाठी प्रयोगशाळा झाली. तरी २०१८ च्या मे महिन्यात कोझिकोडमध्ये पहिली चाहूल लागली ती डॉक्टरांना. मेंदूज्वराचा एक तरुण दाखल झाला आणि कळलं, त्याचा भाऊ काही दिवसांपूर्वी अशाच तापानं गेला होता. एकाच घरातले दोघे! हा योगायोग नव्हे, हे त्यांनी ताडलं. नमुने तपासणीला मणिपालला गेले, रोग निपाहच असल्यावर पुण्याच्या प्रयोगशाळेनं शिक्कामोर्तब केलं. वर्षांचं काम दिवसांवर आलं. संपर्कात आलेल्या दोन हजारांवर लोकांची यादी करून रोज चौकशी झाली, साथ दोन जिल्ह्यांतच अडली.

पण पहिला भाऊ गेला तेव्हा कुणालाच शंका आली नव्हती. पेरांब्राच्या सरकारी रुग्णालयात त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका लिनी पुतुशेरी, दोन लहानग्यांची आई, २१ मे रोजी गेली. रोगाचं नाव कळायच्या आधीच तिनं त्या रुग्णाला हात लावला होता. माझ्या लेखी सर्वेक्षणाची खरी कसोटी इथंच आहे: पहिल्या खाटेशी उभ्या माणसापर्यंत इशारा कधी पोचतो?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोझिकोडला निपाह पुन्हा आला, तेव्हा पुण्याची फिरती प्रयोगशाळाच तिथं गेली. सहा जणांना लागण झाली, दोघे गेले. पहिल्या मृताचा नऊ वर्षांचा मुलगा कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर होता. तो बरा होऊन घरी गेला.