लेथ बदलताना आधी बेड पाहा

दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन इथल्या ‘मायफोर्ड’ कंपनीने घरगुती वर्कशॉपसाठी ‘एमएल ७’ हा छोटा लेथ बाजारात आणला. तिकडे तो साडेतीन इंची म्हणून ओळखला गेला. अमेरिकेत तोच लेथ सात इंची ठरतो. ब्रिटिश पद्धतीत बेडपासून सेंटरपर्यंतची उंची मोजतात, अमेरिकी पद्धतीत बेडला न घासता फिरू शकणाऱ्या जॉबचा व्यास. आपल्याकडे तिसरीच तऱ्हा. लेथ फुटांवर विकला जातो: साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. हे फूट बेडच्या लांबीचे असतात. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक त्याच बेडवर बसणार, म्हणून साडेचार फुटी लेथवर दोन सेंटरांमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपासच लांबीचा शाफ्ट मावतो. लेथ बदलायला निघालेल्या माणसाची पहिली फसगत इथेच होते.

घरी लेथ ठेवणारे लोक संख्येने थोडे, पण फार चिवट. कुणी कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर, कुणी वाफेच्या इंजिनांची चालती मॉडेलं बनवणारा, कुणी जुन्या मोटरसायकलींचे न मिळणारे बुश आणि स्पिंडल स्वतः करून घेणारा. त्यांचा पहिला लेथ बहुधा नशिबाने हाती आलेला असतो. दुसरा मात्र विचार करून घेता येतो, कारण पहिल्याने कुठे कुठे हात टेकले हे आता माहीत असतं.

ते हात टेकणं नेमकं कशामुळे, हे आधी नक्की करावं. फिनिश खराब येते, पार्टिंग करताना मशीन थरथरतं, लांब जॉबला टेपर येतो, या तक्रारींवरून लेथ भंगारात काढायची घाई नको. टूल सेंटरच्या वर किंवा खाली बसवलेलं असेल, गिब सैल असतील किंवा मशीन एका पायावर तिरकं उभं राहून बेडला पीळ पडला असेल, तरी हीच लक्षणं दिसतात. लेव्हल घेऊन बेडचा पीळ काढला की टेपर नाहीसा झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

काही उणिवा मात्र मशीनच्या रचनेतच असतात. एमएल ७च्या स्पिंडलचं भोक जेमतेम १५ मिलिमीटरचं. २० मिलिमीटरचा रॉड त्यातून आरपार जात नाही, मग प्रत्येक तुकडा आधी कापून घ्यावा लागतो. त्याचा चक स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. उलट दिशेने फिरवून कट घेतला तर चक सुटून येण्याचा धोका. वेगाचंही तसंच. हाय स्पीड स्टीलच्या टूलने मऊ पोलाद कापताना मिनिटाला साधारण ३० मीटरचा वेग धरतात. त्या हिशेबाने ६ मिलिमीटरच्या रॉडला १,६०० फेरे लागतात, तर १५० मिलिमीटरच्या चकतीला ६५च्या आतबाहेर. एमएल ७ मूळ रूपात ६४०च्या आसपास थांबतो. बारीक काम करणाऱ्याला वरचा वेग कमी पडतो; बिडाची मोठी कास्टिंगं फिरवणाऱ्याला वेगापेक्षा खालच्या गिअरमधली ताकद हवी असते. दोघांनी एकच मशीन घेण्यात अर्थ नाही.

आट्यांचा हिशेब तर आणखी मजेदार आहे. जुन्या लेथचा लीड स्क्रू इंची असतो आणि आज लागणारे आटे बहुतेक मेट्रिक. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हाच आकडा १२७ भागिले ५ असा मांडता येतो. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे तिचे तुकडे पडत नाहीत, म्हणून इंची लीड स्क्रूवर तंतोतंत मेट्रिक आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो. दुसऱ्या जोड्यांनी जवळपासचं माप निघतं आणि छोट्या नटाला ते चालूनही जातं, पण लांब स्क्रूवर चूक साठत जाते. जुना लेथ पाहायला गेल्यावर चेंज गिअरची पेटी उघडून दाते मोजावेत. पेटीच नसेल तर किंमत त्या मानाने खाली आली पाहिजे.

वापरलेला लेथ पारखण्याची खरी रीत एकच: जे घरी दुरुस्त होणार नाही ते आधी पाहायचं. रंग, मोटर, पट्टा, क्रॉस स्लाइडचा नट, चकाचे झिजलेले जॉ, हे सगळं बदलता येतं. हँडल पाव फेरा रिकामं फिरलं की गिऱ्हाईक दचकतं. पण तो बॅकलॅश बहुतेकदा पितळी किंवा गनमेटलच्या नटाचा असतो आणि नट नवा करता येतो. बेड आणि हेडस्टॉक यांची गोष्ट निराळी.

लेथचं बहुतेक काम चकाजवळ होतं, म्हणून बेड तिथेच सर्वांत जास्त झिजतो आणि टेलस्टॉककडे जवळपास नवा राहतो. ते ओळखायला कॅरेज चकाजवळ आणून गिब असा आवळायचा की ते किंचित जड पण सरकतं राहील. मग ते टेलस्टॉककडे न्यायचं. वाटेत जाम झालं तर चकाजवळचा बेड खाल्लेला आहे हे उघड. बेड ग्राइंडिंग करून मिळतं, पण त्यानंतर कॅरेज खाली उतरतं आणि लीड स्क्रू, फीड शाफ्ट व एप्रन यांची जुळणी पुन्हा करावी लागते. घरगुती लेथसाठी एवढा खर्च सहसा परवडत नाही.

स्पिंडलसाठी डायल गेज खिशात घेऊन जावं. चकात जाड रॉड धरून तो तरफेसारखा वर उचलायचा आणि स्पिंडलच्या नाकावर डायल लावून काटा किती हलतो ते पाहायचं. दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या पुढे काटा गेला तर बेअरिंग नुसतं आवळून भागेल की बदलावं लागेल, हे विकणाऱ्याकडून तिथल्या तिथे समजून घ्यावं. शेवटची परीक्षा कटाची. २५ मिलिमीटरचा रॉड चकाबाहेर शंभरेक मिलिमीटर काढून, टेलस्टॉकचा आधार न देता हलका कट घ्यायचा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावायचा. मशीन चालवून दाखवायला जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याकडून लेथ घेऊ नये.

आता पर्याय. ‘सात बाय बारा’ या मापाचा चिनी मिनी लेथ चाळीसेक किलोचा असतो, टेबलावर बसतो, सिंगल फेजवर चालतो. त्याचा वेग बटणाने बदलतो, पण खालच्या वेगाला जोर उरत नाही, आणि अनेक मॉडेलांत हेडस्टॉकमधले गिअर प्लास्टिकचे असतात. घड्याळं, पेन, छोटी मॉडेलं करणाऱ्याला तो पुरतो. दुसऱ्या टोकाला बेंगळुरूच्या एचएमटीचा ‘एनएच २२’ आहे: २२० मिलिमीटर सेंटर हाइट, थ्री फेज मोटर, वजन टनाच्या बरंच पुढे. कारखान्यातून निघालेला असा लेथ अधूनमधून आश्चर्य वाटावं इतक्या कमी भावात मिळतो, कारण त्याला जागा देणारा माणूस विरळा.

मराठी माणसाचा जीव किर्लोस्करांच्या लेथवर जडतो आणि त्याला कारण आहे. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४१ मध्ये हरिहरला ‘म्हैसूर किर्लोस्कर’ उभी राहिली आणि तिथले लेथ देशभरच्या वर्कशॉपांत पोचले. ती कंपनी आता बंद आहे. बेड चांगला असेल तर हा लेथ आजही घेण्यासारखा आहे, फक्त सुटे भाग स्वतः करण्याची तयारी हवी. बटाला आणि राजकोटचे साडेचार फुटी लेथ नवे मिळतात. त्यांचा दर्जा एका कारखान्याहून दुसऱ्यात इतका बदलतो की गावाच्या नावावरून काहीच ठरत नाही. वरच्या सगळ्या परीक्षा नव्या मशीनलाही लावाव्यात.

घरात सिंगल फेज असेल तर मोटरची पाटी वाचल्याशिवाय सौदा करू नये. २३० व्होल्ट घेणारा व्हीएफडी त्या एका फेजवरून थ्री फेज तयार करतो, पण तोही २३० व्होल्टचाच. पाटीवर डेल्टा जोडणीत २३० व्होल्ट लिहिलेलं असेल तर ती मोटर त्यावर चालते. मोठ्या मोटरी बहुधा डेल्टातच ४१५ व्होल्टच्या असतात. त्यांच्यासाठी मोटर बदलण्याचा खर्च आधीच धरावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर आधी जमिनीचा विचार करावा. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखलेली असते. दीड चौरस मीटर जागा व्यापणारा एक टनाचा लेथ त्याच्या तिपटीहून जास्त भार टाकतो. वरच्या मजल्यावर तो नेऊच नये. तळमजल्यावरही हलवताना सांभाळावं, कारण सगळं वजन हेडस्टॉककडे आणि उंचावर असतं. पाइपवरून सरकवताना लेथ आडवा होऊन अपघात होतात. टेलस्टॉक आणि कॅरेज बेडच्या टोकाला नेऊन घट्ट करावं, उचलायला चेन पुली ब्लॉक वापरावा.

पैशांचा हिशेब मशीनपाशी संपत नाही. ट्रू चक, डॉग चक, फेसप्लेट, स्टेडी, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, ड्रिल चक, टूल पोस्ट हे सगळं मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सुटं घ्यायला गेलं तर आकडा मशीनच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून या सगळ्यासकट मिळणारा, थोडा महाग वाटणारा लेथ बऱ्याचदा स्वस्त पडतो.

आणि नवा लेथ दारात आला म्हणून जुना लगेच विकू नये. नव्याच्या मोटरची पुली, क्रॉस स्लाइडचा नट, एखादा बुश, असे भाग करायला चालू स्थितीतला लेथ लागतो. नव्या मशीनने लेव्हल झाल्यावर चाचणीचा रॉड मापात काढून दिला की मगच जुन्यासाठी गिऱ्हाईक शोधावं, आणि त्याला चेंज गिअरची पेटी आठवणीने द्यावी.