गेमिंगसाठी कोणते लिनक्स निवडाल?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या पीसीवर गेम खेळण्यासाठी लिनक्स हा मोफत पर्याय आहे. पण निवड कशी करायची?

आधी गेम : २०१८ मध्ये आलेल्या ‘प्रोटॉन’मुळे स्टीमवरील हजारो विंडोज गेम लिनक्सवर चालतात. मात्र अँटी-चीटमुळे ‘व्हॅलोरंट’, ‘फोर्टनाइट’ चालत नाहीत. रोज हेच खेळत असाल, तर विंडोज काढू नका.

मग ग्राफिक्स कार्ड : एएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो, एनव्हिडियाचा बहुधा वेगळा टाकावा लागतो.

शेवटी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती : रोजच्या कामासह गेमिंग असेल, तर मिंट सोपे; पेनड्राइव्हवरून आधी चालवूनही पाहता येते. फक्त गेमिंगसाठी बॅझाइट. त्यात स्टीम तयार मिळते.

इन्स्टॉल करण्यापूर्वी बॅकअप घ्याच.