बीटा चाचणीत ‘ऱ्या’ कोण तपासणार?

खरिपाची पेरणी उरकली की परभणी तालुक्यातल्या पेडगावातही, मराठवाड्यातल्या इतर गावांप्रमाणे, ई-पीक पाहणीची लगबग सुरू होते. बांधावर उभे राहायचे, ॲपमध्ये गट क्रमांक निवडायचा, सोयाबीन आहे की कापूस ते भरायचे आणि उभ्या पिकाचा फोटो काढून पाठवायचा. ही नोंद सातबारावर चढते. पुढे नुकसानभरपाईचा किंवा पीक कर्जाचा प्रश्न आला की तिचाच आधार घ्यावा लागतो. राज्यभर ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झाली.

त्याच वर्षी, त्याच महिन्यांत, अँड्रॉइड १२ ची बीटा, म्हणजे अंतिम होण्याआधीची चाचणी-आवृत्ती जगभरातल्या हौशी लोकांच्या फोनवर चालत होती. १८ मे रोजी पहिली बीटा आली तेव्हा एक बदल जाहीर झाला: ॲपला आपले ठिकाण कळू देताना ‘नेमके’ की ‘अंदाजे’, हे फोनचा मालक ठरवणार. खासगीपणाच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच. मात्र ‘अंदाजे’ निवडले तर ॲपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर तेवढा समजतो. एवढ्या परिसरात कितीतरी गट, पाणंदी, ओढे येतात. त्यातून एकाचा बांध ओळखणे अशक्य. शेताच्या जागेवर विसंबणाऱ्या कोणत्याही ॲपने अशा वेळी वापरणाऱ्याला ‘नेमके ठिकाण द्या’ असे समजेल अशा भाषेत सांगायला हवे. अंतिम आवृत्ती ४ ऑक्टोबरला आली. म्हणजे ही तयारी करायला ॲप बनवणाऱ्यांना साडेचार महिने मिळाले. बीटाचा खरा उपयोग हाच. नव्या सोयी इतरांआधी मिळण्याची हौस ही त्यातली दुय्यम गोष्ट.

अँड्रॉइडची नवी आवृत्ती आधी केवळ ॲप बनवणाऱ्यांना दाखवली जाते, मग बीटा म्हणून सर्वांसाठी खुली होते. त्यानंतर एक टप्पा असा येतो की आतली रचना गोठवली जाते. पुढे फक्त दुरुस्त्या. अँड्रॉइड १६ ची पहिली बीटा जानेवारी २०२५ मध्ये आली, मार्चमध्ये रचना स्थिर झाली आणि १० जूनला अंतिम आवृत्ती निघाली.

एवढी चाळण लावूनही दोष निसटतात, आणि आपल्या लिप्यांच्या बाबतीत ते फार सहज निसटतात. फेब्रुवारी २०१८ मधली घटना बोलकी आहे. तेलुगूतले ‘ज्ञा’ हे अक्षर एका विशिष्ट पद्धतीने लिहून संदेशातून पाठवले की आयफोनमधले ॲप कोसळत होते. सूचनेच्या पट्टीत ते अक्षर आले तर फोनचा मुख्य पडदाच बंद पडे. अक्षरात गैर काहीच नव्हते. दोष होता अक्षरजोडणी करणाऱ्या यंत्रणेत.

युनिकोडमध्ये जोडाक्षर तुकड्यांनी साठवले जाते: व्यंजन, हलन्त, दुसरे व्यंजन, मग स्वरचिन्ह. जोडणी थांबवायला एक अदृश्य चिन्हही असते. हे चिन्ह दुसऱ्या व्यंजनानंतर आणि स्वरचिन्हाच्या आधी आले की आयफोनचा हिशेब चुकत होता. मनीष गोरेगावकर या प्रोग्रामरने तेव्हा या दोषाची फोड करून दाखवले की बंगाली आणि देवनागरीतही हे घडू शकते. देवनागरीत ते ‘क्र’, ‘प्र’ अशा रकाराच्या जोडाक्षरांपुरते होते. म्हणजे मराठीही त्या कक्षेत होती. ॲपलने १९ फेब्रुवारीला आयओएस या आयफोनच्या प्रणालीची ११.२.६ ही दुरुस्ती दिली. लक्षात घेण्यासारखे हे, की तेव्हा चाचणीत असलेल्या ११.३ च्या बीटामध्ये हा दोष आधीच दूर झालेला होता.

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी मजकुराच्या जागी नुसत्या चौकटी दिसत. मराठीतून अख्खा फोन वापरण्याची सोय २०१४ च्या लॉलिपॉप या आवृत्तीत आली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या इंडस ओएसने भारतीय भाषा केंद्रस्थानी ठेवणारी, अँड्रॉइडवर बेतलेली प्रणाली मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनवर आणली. आता चौकटी गेल्या, पण तपासण्यासारखे बरेच उरले आहे.

‘शेतकऱ्याला’ हाच शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्या’ दोन वेगवेगळ्या सांकेतिक क्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, साठवणीत मात्र भिन्न. एका कीबोर्डने लिहिलेला शब्द दुसऱ्याने शोधला तर सापडेलच असे नाही. ‘ॲ’ची तीच कथा. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई. संपर्कयादीत ‘ॲड.’ लावून जतन केलेला वकिलांचा नंबर ऐनवेळी न सापडण्यामागे हे कारण असू शकते. ‘मार्किंग’मधला रफार, वेलांटी आणि अनुस्वार ओळीच्या वरच्या कडेला कापले जातात का? ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ खाली छाटला जातो का? या गोष्टी मराठी वाचणाऱ्याच्याच डोळ्यांना खुपतात. दुसऱ्या देशात बसलेल्या चाचणीकाराला त्यात काही बिघडले आहे हे कळणारही नाही. म्हणून परभणीसारख्या शहरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी बीटा चाचणीत उतरावे आणि फोनची भाषा मराठी ठेवूनच उतरावे.

मात्र घरात एकच फोन असेल तर त्यावर हा प्रयोग नको. बीटामध्ये बॅटरी लवकर उतरू शकते, बँकेचे ॲप चालायला नकार देऊ शकते आणि पीक पाहणीची मुदत कोणासाठी थांबत नाही. अँड्रॉइडची बीटा मध्येच सोडून जुन्या आवृत्तीवर परतायचे तर फोनमधली सगळी माहिती पुसली जाते, तेव्हा फोटो आणि संपर्क आधी दुसरीकडे उतरवून ठेवावेत. गुगलची बीटा मुख्यतः पिक्सेल फोनवर मिळते. सॅमसंग भारतात निवडक मॉडेलांवर वन यूआय या आपल्या अँड्रॉइड-रूपाची बीटा देते. ॲपल २०१५ पासून आयओएसची बीटा सर्वांना खुली करते.

दोष दिसला की ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढे कळवून भागत नाही. फोनचे मॉडेल, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, कोणते ॲप, कोणता कीबोर्ड, नेमका शब्द आणि त्याचा स्क्रीनशॉट, हे सगळे हवे. दोष पुन्हा घडवून दाखवता आला तरच दुरुस्त करणाऱ्याला धागा सापडतो. स्क्रीनशॉट पाठवताना त्यात आधार क्रमांक, सातबारा किंवा कुणाचा नंबर राहिलेला नाही, हेही पाहून घ्यावे.