हाडांची घनता : टाचेची तपासणी की डेक्सा?

दरवर्षी २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन पाळला जातो. त्या सुमारास गृहनिर्माण सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, औषधांची दुकाने अशा ठिकाणी हाडांच्या मोफत तपासणीचे फलक झळकू लागतात. छोट्या यंत्रात टाच ठेवायची, काही मिनिटांत कागद हाती येतो आणि त्यावर बहुधा उणे चिन्हाचा एक आकडा असतो. तो पाहून कुणी धास्तावते, तर कुणी निर्धास्त होते. प्रत्यक्षात केवळ या आकड्यावरून दोन्हींपैकी कोणताही निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

जुने हाड झिजवून नवे घडवण्याचे काम शरीरात अखंड चालू असते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या झिजेला आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते घटले की घडणीपेक्षा झीज अधिक होऊ लागते आणि पहिल्या काही वर्षांत तिचा वेग सर्वाधिक असतो. दुखणे-खुपणे काहीच नसल्याने मनगट, मणका किंवा खुबा मोडेपर्यंत अनेक स्त्रियांना त्याची जाणीवही होत नाही. साध्या एक्स-रेमध्ये ही हानी दिसू लागते, तोवर साधारण ३० टक्के हाड गमावलेले असते. त्यामुळे घनता मोजण्यासाठी वेगळ्या पद्धती लागतात.

डेक्सा : निदानाचा मापदंड

डेक्सा तपासणीत दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण कंबरेच्या मणक्यांतून व खुब्यातून सोडले जातात. हाड आणि मांसल भाग ते निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून हाडातील खनिजांचे प्रमाण कळते. किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असते. तरुण स्त्रियांच्या सरासरी घनतेशी केलेली तुलना म्हणजे टी-स्कोअर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार उणे १ पर्यंतचा स्कोअर सामान्य, उणे १ ते उणे २.५ या दरम्यानचा ऑस्टिओपेनिया आणि उणे २.५ किंवा त्याहून खालचा ऑस्टिओपोरोसिस मानला जातो.

डेक्सालाही मर्यादा आहेत. ती हाडाचे घनफळ मोजत नाही, सपाट प्रतिमेचे क्षेत्रफळ मोजते. त्यामुळे लहान चणीच्या स्त्रीची घनता असते त्यापेक्षा कमी भासू शकते. याउलट उतारवयात मणक्यांवर वाढलेल्या हाडामुळे किंवा दबलेल्या मणक्यामुळे आकडा फसवा चांगला येतो. अशा वेळी खुब्याचे मोजमाप अधिक विश्वासार्ह ठरते.

सीटी स्कॅन आणि ध्वनिलहरी

क्वांटिटेटिव्ह सीटी या पद्धतीत घनता खऱ्या अर्थाने घनफळात मोजली जाते. शिवाय मणक्याचा आतला जाळीदार भाग बाहेरच्या कवचापासून वेगळा पाहता येतो. रजोनिवृत्तीनंतर आधी झिजतो तो हाच भाग. मात्र किरणांची मात्रा डेक्सापेक्षा बरीच जास्त असते. मणक्याच्या या तपासणीला उणे २.५ चा निकष लागू होत नाही. तेथे घन सेंटिमीटरला ८० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घनता ऑस्टिओपोरोसिसकडे बोट दाखवते.

शिबिरातील यंत्र अल्ट्रासाउंडवर चालते. टाचेच्या हाडातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात व किती क्षीण होतात, यावरून ते अंदाज बांधते. घनता थेट मोजत नाही. त्यात किरणोत्सर्ग नाही, ते सहज कुठेही नेता येते आणि वयस्क स्त्रियांमधील अस्थिभंगाच्या धोक्याची कल्पनाही त्यावरून येऊ शकते. परंतु उणे २.५ ची रेषा त्याला लावता येत नाही आणि उपचारांचा परिणाम जोखण्यासाठीही ते वापरता येत नाही. आकडा कमी आल्यास पुढची पायरी डेक्सा हीच असते. आकडा चांगला असूनही धोक्याची कारणे असतील, तरी डेक्सा टाळू नये.

तपासणी कोणी करावी?

पासष्टी गाठलेल्या स्त्रियांनी डेक्सा करून घ्यावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पंचेचाळिशीपूर्वी आलेली रजोनिवृत्ती, आई किंवा वडिलांचा खुबा मोडल्याचा इतिहास, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, फार कमी वजन किंवा किरकोळ पडण्याने मोडलेले हाड, यांपैकी काही असेल तर त्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तपासणीच्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नये. पुन्हा तपासणी करताना शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावी. दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना दिशाभूल करते. जुना अहवाल जपून ठेवून सोबत न्यावा.

घनता हा धोक्याचा एकच भाग आहे. ऑस्टिओपेनियाच्या टप्प्यातील अनेक स्त्रियांचीही हाडे मोडतात. म्हणून २००८ मध्ये शेफिल्ड विद्यापीठातून पुढे आलेल्या ‘फ्रॅक्स’ या पद्धतीत वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग आदी बाबी जमेस धरून पुढील दहा वर्षांतील धोका काढला जातो. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर स्कोअर काहीही असो, उपचारांचा विचार व्हायलाच हवा. शिबिरातील कागद डॉक्टरांकडे जाण्याचे निमित्त ठरावा; औषध सुरू करण्याचा वा टाळण्याचा निर्णय त्यावर सोपवू नये.